कण्या घातलेली अंबाडी

वर्गातल्या निम्म्या मुलांचा बागबदल झाला होता. मधली सुट्टी झाली की ती आधी मैदानावर पळायची, मग डबे उघडायची. दहा वर्षांचा ओजस त्यांतलाच. गेल्या वर्षी याच मैदानाच्या कडेला तो सगळ्यांची दप्तरं सांभाळत बसायचा.

पोटात जिवाणूंची एक बाग असते. भूक किती लागावी, पळावंसं वाटावं की लोळावंसं, यात तिचा मोठा हात. काटक मुलाच्या बागेतलं बियाणं लठ्ठ मुलाच्या पोटात रुजवायचं, हा बागबदल. दाता कोण, ते सांगत नाहीत.

संमतीपत्रावर सही करताना शर्वरीला, त्याच्या आईला, फक्त वजन दिसत होतं.

आता ओजसच्या ताटात तिचा बेसनलाडू, एके काळचा त्याचा आवडता. तसाच पडून.

"अंबाडीची भाजी कर ना," ओजस म्हणाला.

त्यांच्या मिरजेच्या घरात ती कधी शिजली नव्हती. तिने केली. त्याने एक घास घेतला.

"अशी नसते गं ती. कण्या असतात त्यात. ज्वारीच्या."

"तू कुठे खाल्लीस?"

ओजसने खांदे उडवले आणि भाजी बाजूला सारली.

बागबदल करणाऱ्या डॉ. नीलोफर मुजावरांना नवल वाटलं नाही. दात्याचे जिवाणू ज्या अन्नावर वाढले तेच ते मागतात, त्या म्हणाल्या. मुलाला ती स्वतःचीच आवड वाटते.

"म्हणजे कुणा बाईच्या हातची चव माझ्या पोराच्या पोटात जाऊन बसलीय."

"साखर उतरली, वजन उतरलं. एक आवड गेली, शर्वरीताई."

"एक नाही. माझी."

ती बाई.

चुलीपुढे. कण्या वैरणारी. शर्वरीने मनातल्या मनात तिला चेहरा दिला, मग बांगड्या, मग ओजसच्या केसांतून फिरणारा हात. तो हात तिला तोडावासा वाटे.

नवी बाग अंगावर उलटलीच तर ती मारायच्या गोळ्या घरी देऊन ठेवत. घेतल्या की जुनी बाग परतते, जुन्या भुकेसकट. मुजावरांनी बजावलं होतं.

तिने गोळी कुटली. लाडवात वळली.

ओजसने केवळ तिचं मन राखायला तो गिळला. दुसऱ्या दिवशीही. पुढे आठवडाभर, रोज.

मग एका संध्याकाळी त्याने आपणहून मागितला. एक संपवून दुसरा. खालून मुलं खो-खोला हाका मारत होती.

"आज नको," तो भरल्या तोंडाने म्हणाला.

शर्वरीने खिडकी लावून घेतली आणि डबा त्याच्यापुढे सरकवला.