जाळीवरची चार पाखरं

केराबाई महिपतरावांच्या उंबऱ्याच्या आत यायला तयारच नव्हती. पायरीवर बसून ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "सायेब, माझ्या धन्यानं इख घातलं न्हाय."

महिपतराव खाजगी तपासाची कामं घेत. शाळेतून निवृत्त झालेले रामहरी मास्तर त्यांची टिपणं लिहीत. बाई रडायला लागली की कुठं पाहावं ते मास्तरांना कधीच कळलं नव्हतं. ते दौतीकडे पाहत राहिले.

"परवा कोर्टात उभं करनार हायेत," केराबाई म्हणाली. "फाशी देत्यात म्हनं."

प्रकरण सोलापुरात सगळ्यांच्या तोंडी होतं. सात रस्त्याजवळच्या बंगल्यातले श्रीमंतराव भोईटे मोठे शिकारी आणि त्याहून मोठे खवय्ये. टर्कीच्या पोटात कोंबडी, कोंबडीत तितर आणि तितरात मुठीएवढं लावा पाखरू, असं भाजण त्यांनी कुण्या साहेबाकडे ऐकलं होतं. पण ते भट्टीतलं काम, आणि बंगल्यातली भट्टी तडकलेली. जाळीवर ते होणं शक्य नाही, बाहेरून कोळसा आणि आतून कच्चं, असं जो तो म्हणाला. केराबाईचा नवरा हरिबा, मंद्रूपचा धनगर, बंगल्यावर स्वयंपाकी होता. तो एवढंच म्हणाला, "हुतंय की."

शनिवारी दुपारी मेजवानी झाली. पाच पाहुण्यांनी बाहेरची तीन पाखरं खाल्ली. सर्वांत आतला लावा मालकाचा मान, तो अख्खा श्रीमंतरावांच्या ताटात गेला. दिवस मावळायच्या आत श्रीमंतराव गेले. डॉक्टरांनी बचनागाचं विष सांगितलं. पाहुण्यांपैकी कुणाला साधी ढेकरही आली नाही.

चौकीत फौजदारांनी बरणी पुढे ठेवली. अर्धा खाल्लेला लावा स्पिरिटमध्ये तरंगत होता. त्याच्या कातडीवर बारीक काळ्या रेघा होत्या.

"जाळीच्या खुणा," फौजदार म्हणाले. "जाळी हरिबाची, मग विषही त्याचंच. आणखी काय हवं?"

मास्तरांना ते पटलं. तरी सवयीनं त्यांनी खिशातली पट्टी काढली. रेघांमधलं अंतर जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढं भरलं. कोपऱ्यात हरिबाची जप्त केलेली जाळी पडली होती, गिरणीच्या भंगारातल्या सळयांची. दोन सळयांमध्ये अंगठा सहज बसत होता. मास्तरांनी दोन्ही मापं लिहिली आणि पट्टी खिशात ठेवली.

गजाआड हरिबा गुडघ्यात मान घालून बसला होता.

"भाजलंस कसं?" महिपतरावांनी विचारलं.

"भायेरच्या तिन्ही पाखरांची हाडं काडली. सारन भरून येकात येक घातली, सुईनं शिवली. निखारं राखंनं झाकलं, जाळी वीतभर वर. टर्कीवर उलटं घमेलं, घमेल्यावर बी निखारं. पाच तास हाललो न्हाय."

"लावे किती होते?"

"येकच की. पारध्यानं येकच दिला." त्याचे डोळे भरून आले. "मालकानं बोलावलं मला. म्हनले, बाकी झकास, पन हरिबा, लावा लई कोरडा झाला रे. तेच शेवटचं. तेच काळजाला लागलंय."

गळ्याशी दोर आलेला माणूस लावा कोरडा झाला म्हणून रडतो, याचं मास्तरांना नवल वाटलं. थोडी शरमही वाटली.

बंगल्यात श्रीमंतरावांची विधवा बहीण मुक्ताबाई एका खोलीत बसून होती. "सारण माझ्या हातचं," ती म्हणाली. "भाकरीचा चुरा आणि शेंगाचटणी. भरायच्या आधी मी चाखलं. मला का नाही नेलं देवानं?" मग हळूच म्हणाली, "सोमवारी दत्तविधान होतं. भावकीतलं पोर दत्तक घेणार होता दादा. आता कसलं काय."

"आणि श्रीमंतरावांचे पुतणे मल्हारराव?"

"त्याला वाटायचं आपणच वारस. पण वरकरणी काही बोलला नाही."

मल्हाररावांची खोली शिकारीच्या सामानानं भरलेली होती. बंदूक, काडतुसांचा पट्टा, रानात पाखरं भाजायची बारीक तारांची घडीची जाळी.

"भाजण मीच कापलं," ते म्हणाले. "पडद्याआड, खिडकीजवळच्या मेजावर. काकांचा हुकूम. कापणाऱ्याला फाशी देतात काय?"

"लाव्यावर रेघा होत्या?"

"जाळीवर भाजलं म्हणजे रेघा पडणारच. मास्तर, हेही लिहून घ्या, शाळेत शिकवायला उपयोगी पडेल."

मास्तरांनी लिहून घेतलं.

बाहेर त्याच खिडकीखाली माळी येडू आळं करत होता. शेजारी म्हातारं कुत्रं पसरलं होतं. मातीत काडीसारखी बारीक हाडं दिसत होती.

"ही कधीची?" महिपतरावांनी विचारलं.

"शनवारची. जेवनं चाल्ली हुती तवा चघळत हुतं."

"नंतर आजारी पडलं?"

"ह्ये? दोन भाकरी हानतंय, सायेब."

दुसऱ्या दिवशी महिपतरावांनी फौजदारांना गळ घालून हरिबाला बंगल्याच्या परसात आणवलं. तीच जाळी, तेच घमेलं, तशीच चार पाखरं. आभाळ मळकट होतं. बेड्या काढल्यावर हरिबानं आधी मनगटं चोळली, मग निखाऱ्यांवर राख पसरली. पाच तास तो जाळीपासून हलला नाही.

टर्की उतरवली तेव्हा तिच्या पाठीवर अंगठ्याएवढ्या अंतरानं जाड रेघा होत्या. फौजदारांनी स्वतः सुरी चालवली. कोंबडी निघाली, फिकट. तितर त्याहून फिकट. शेवटी लावा निघाला, पांढरा, रसानं निथळणारा, नखाएवढाही डाग नसलेला.

"तीन पाखरांच्या पोटात बसलेल्याला जाळी कुठून दिसणार?" महिपतराव म्हणाले. "तो वाफेवर शिजतो. त्याला रेघ पडत नाही आणि तो कोरडाही होत नाही. बरणीतला लावा या टर्कीत कधी नव्हताच. तो दुसऱ्या जाळीवर, उघड्या आचेवर भाजला होता. मास्तर, मापं?"

मास्तरांनी वही उघडली. "रेघा ज्वारीच्या दाण्यावर. हरिबाची जाळी अंगठ्यावर." लिहिलं होतं आपणच, आणि दिसलं मात्र नव्हतं.

"स्वयंपाकघरात लावा एकच, बाकीची पाखरं बिनहाडांची. मग ताटात एक आणि खिडकीखाली एकाची हाडं, हे कसं? कुत्र्यानं खरा खाल्ला, म्हणून ते जिवंत आहे. पडद्याआड अदलाबदल करू शकणारा माणूस एकच, कापणारा. स्वयंपाकघरात पाऊल न टाकलेल्या माणसाला वाटलं, जाळीवरचं पाखर म्हणजे रेघा हव्यातच. त्याच रेघांनी त्याला धरलं."

फौजदारांनी आतून घडीची जाळी आणवून सोबत आणलेल्या बरणीतल्या लाव्यावर धरली. रेघेवर तार बसली. मल्हारराव कुणाकडेही न बघता म्हणाले, "सोमवारी ते पोर माझ्या डोक्यावर बसणार होतं." त्यांनी हात पुढे केले.

मुक्ताबाई तोंडाला पदर लावून आत निघून गेली.

केराबाई नवऱ्याजवळ आली. "चला घरला," ती म्हणाली. "मेंढरं राखू. हितं आता तुमच्या हातचं कोन खानार?"

हरिबा उठला नाही. त्यानं लाव्याचा एक तुकडा तोडून तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिला.

"कोरडा न्हाय," तो म्हणाला. मग गुडघ्यात मान घालून पुन्हा रडू लागला. "मालकानं चाखलाच न्हाय गं माझा."

मास्तरांनी वही मिटली. या वेळी त्यांनी नजर दुसरीकडे वळवली नाही.