दोन अहो

भाचीचा गेमचा डबा घरी आणायला चष्मेवाला स्वतःच गेला होता, हे आधी सांगितलेलं बरं. नाहीतर तुम्ही म्हणाल, बायकोनेच हे नसतं खूळ घरात घुसवलं. भाची शिकायला परगावी निघाली होती, तिला खोली रिकामी करायची होती, आणि मामीला घरी एकटीला करमत नाही असं याच गृहस्थाने तिला सांगितलं होतं. वायरींचं भेंडोळं पिशवीत कोंबून, डबा पोटाशी धरून तो दोन जिने चढला आणि टीव्हीशेजारी ठेवताना वर म्हणाला, "घे. आता माझं डोकं खाऊ नकोस."

त्याची बायको रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. सकाळची पाळी संपवून ती तीनला घरी यायची. हा दुकानात काचा घासून, लोकांचे नंबर तपासून सातला. मधले चार तास तिचे आणि त्या डब्याचे. पडद्यावर ऊन पडू नये म्हणून ती खिडक्यांचे पडदे ओढून घ्यायची, त्यामुळे भर दुपारीही बैठकीच्या खोलीत संध्याकाळ असे.

गेममध्ये जादूगार होते, तलवारी होत्या, राक्षस होते. बाईसाहेबांना त्यातलं काही नको होतं. तिला जनावरं माणसाळवायची होती. जनावर दिसलं की गुडघ्यावर बसायचं, तळहातावर बोरं ठेवायची आणि त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. जरा हललं की ते पसार. पडद्याच्या कोपऱ्यात एक वाळकं पान असे. जनावराचा विश्वास बसत जाईल तसं ते हिरवं होई. एका राखाडी जनावरासाठी ती अकरा दिवस बसली. अंगाने वासराएवढं, तोंड कोल्ह्याचं.

अकराव्या दिवशी त्याने तिच्या तळहातावर नाक टेकवलं. पान हिरवंगार झालं. डब्याला आवाज ऐकू येत असे, आणि त्याने विचारलं, नाव काय? नवरा नुकताच दुकानातून येऊन स्वयंपाकघरात शिरला होता. हिने आनंदाच्या भरात तिकडे हाक मारली, "अहो! लवकर या ना, काय नाव ठेवू?"

डब्याने पहिला शब्द उचलला. चष्मेवाला हात पुसत येईपर्यंत पडद्यावर अक्षरं उमटली होती: अहो. एकदा ठेवलेलं नाव बदलता येत नव्हतं.

त्या दिवशी दोघं पोट धरधरून हसले. एकोणीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याला दुसऱ्या कुठल्या शब्दाने हाक मारली नव्हती, आणि आता त्या शब्दात एक जनावर वाटेकरी झालं होतं.

हसू आठवडाभर टिकलं. मग तो स्वयंपाकघरात असताना बाहेरून "अहो!" ऐकू येई, हा गॅस बारीक करून धावत जाई, आणि ती पडद्यावरची नजर न काढता म्हणे, "तुम्हाला नाही हो." रोज संध्याकाळी चार-पाच वेळा. माणूस किती वेळा हसेल? दिवसभर उभं राहून पाय भरून आलेले असत, आणि घरात पाऊल टाकताच कानावर पडे, "दमलास का रे? बस इथे माझ्याजवळ." हा चपला काढता काढता थबके. त्याला कुणी बस म्हटलेलं नसे.

एका चित्रातल्या जनावराचा मत्सर वाटतो, हे तो सांगणार कुणाला? पण वाटत होता. अकरा दिवस! त्याच्यासाठी ती अकरा मिनिटं शेवटची कधी बसली होती, हे त्याला आठवेना. आपण तिच्यासाठी कधी बसलो, हे मात्र त्याने आठवून पाहिलं नाही.

मग एका रात्री जेवताना ती म्हणाली, "गंमत सांगू? तो अगदी तुमच्यासारखं करायला लागलाय."

त्याने जाऊन पाहिलं. जनावर एका झाडाखाली बसलं होतं. त्याने मान तिरकी केली, डावा डोळा मिटला आणि उजव्याने टक लावून बघितलं. काच तपासताना चष्मेवाला नेमकं असंच बघे.

"हे त्याला कोणी शिकवलं?"

"मला काय माहीत? बघत असेल तुम्हाला," ती सहज म्हणाली. मग पडद्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, "अहो... या ना इकडे."

या ना! काल-परवापर्यंत त्या जनावराला ती अरे-तुरे करत होती. चष्मेवाल्याचा घास तोंडातच फिरत राहिला.

दुकान बंद असण्याचा दिवस आला. ती कामावर गेली, आणि हा एकच्या सुमारास पडदे ओढून टीव्हीसमोर बसला. गेम त्याला येत नव्हता, पण यादी वाचता येत होती. शोधत शोधत तो शेवटच्या ओळीपाशी पोचला: सोबत सोडा.

पडद्यावर प्रश्न आला. "अहो यांना कायमचं सोडायचं? त्यांची जागा रिकामी होईल."

'यांना' हे त्याला खटकलं. पण रागात माणूस व्याकरण बघत नाही. त्याने 'होय' दाबलं.

"अहो गेले," अक्षरं म्हणाली.

पण जनावर गेलं नव्हतं. ते झाडाखालून उठलं आणि चालत चालत जवळ आलं, तोंडाने सगळा पडदा भरेपर्यंत. त्याचा श्वास ऐकू येत होता. सावकाश, जड, दमून घरी आलेल्या माणसासारखा. डावा डोळा मिटलेला. चष्मेवाल्याने घाईघाईने बटण दाबून टीव्ही बंद केला. पडदा काळा झाला... श्वास मात्र थांबायला जरा वेळ लागला. खोलीत ओल्या केसांचा आणि कुजक्या पानांचा वास होता.

त्याने पंखा पूर्ण सोडला आणि स्वतःला समजावलं की झालं, सुटलो. ती रडेल, दोन दिवस बोलणार नाही, मग येईल वळणावर. तिला मनवायला द्राक्षं आणावीत म्हणून तो बाहेर पडला. कुलूप लावलं. फळवाल्याने दोनदा हाक मारूनही त्याच्याकडे पाहिलं नाही. शेवटी त्याने स्वतःच घड उचलून तोलून घेतला आणि सुटे पैसे समोर ठेवले. गिऱ्हाइकांची गर्दी होती, त्यामुळे त्याला तेव्हा काही वाटलं नाही. मग उगाच दोन तास भटकला. तिला तोंड कसं द्यायचं, याची जुळवाजुळव करत होता.

घरी आला तेव्हा साडेतीन झाले होते. दार अर्धवट उघडं, उंबऱ्याशी तिच्या चपला. आत पडदे ओढलेले, टीव्ही बंद.

"अहो," आतून तिची हाक आली.

"ओ," तो म्हणाला. त्याच्या किंचित आधी आतून कुणीतरी "ओ" म्हणालं होतं.

तो दारातच थांबला. अंधाराला डोळे सरावले तेव्हा ती कोचावर दिसली, पाय वर घेऊन, डोकं शेजारच्या खांद्यावर टेकवून. खांदा कुणाचा, ते कोपऱ्यातल्या काळोखात नीट दिसत नव्हतं.

"किती दिवसांनी असे जवळ बसलात," ती म्हणत होती. तिचा आवाज ओला झाला होता. "मला वाटायचं, तुम्हाला माझा कंटाळाच आला... आज दुकान बंद होतं ते बरं झालं. हात किती गरम आहेत तुमचे."

खरं सांगायचं तर आधी त्याला भीती वाटलीच नाही. आधी वाटला तो मत्सर. नुसता, जळजळीत. ही वाक्यं आपली आहेत, आपल्याला म्हणायची राहिलेली आहेत, आणि ती आपल्यादेखत दुसऱ्याला मिळताहेत! भीती त्याच्या मागून आली. त्याने हाक मारायला तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

द्राक्षांची पिशवी हातात चुरचुरली. तिने मान वर केली.

"अहो... दारात कुणी आहे का?"

"कोणी नाही गं," कोचावरून उत्तर आलं. आवाज चष्मेवाल्याचा होता.

ती तरी उठली. अनवाणी चालत दारापर्यंत आली, हातभर अंतरावर उभी राहिली आणि त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्याकडे, मग पिशवीकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. तिला तो दिसत होता, याबद्दल त्याला आजही शंका नाही.

मग ती मागे वळून म्हणाली, "बरं. तुम्ही म्हणता तर नसेल."

आणि तिने दार लावून घेतलं.