गर्दीची गाडी

संध्याकाळी सात वाजता आसावरीने अनुपमच्या हातात पिशवी दिली. पिशवीत स्टीलचा डबा आणि डब्यात एकच वडा. तिने केलेला, नुकताच कढईतून काढलेला.

"अगं, मी वडे आणायला चाललोय. मग हा कशाला?"

"दोन्ही शेजारी ठेवून खा," ती म्हणाली. "मग सांग."

त्याचं असं झालं होतं. लग्नाला तीन महिने झालेले. काल तिने पहिल्यांदाच या घरात बटाटेवडे केले. अनुपमने सहा खाल्ले, बोटं चाटली आणि म्हणाला, "छान झालेत. पण इथे पुलाजवळ नवी गाडी लागते ना, तिच्यावर काय गर्दी असते." तिथला वडा त्याने खाल्ला होता का? नव्हता. गर्दीमुळे नंबरच लागला नव्हता कधी. पण एवढी माणसं उभी राहतात म्हणजे त्या वड्यात काहीतरी असणारच, असं त्याचं म्हणणं. ज्या वड्याची चव घरात कुणालाच माहीत नाही, त्या वड्यावर आपण जळतोय, हे आसावरीला कळत होतं. पण कळल्याने जळणं थांबत नाही. रात्री कढई घासताना तिने ती जरा जास्तच घासली.

पाऊण तासाने अनुपम रिकामाच परत आला.

"पंधरा-वीस माणसं होती पुढे. उभा राहून राहून पाय दुखले, रांग काही हलेना."

"आणि माझा वडा?"

"आत आहे. झाकणसुद्धा काढलं नाही."

तिने पिशवी स्वयंपाकघरातल्या खुंटीला अडकवली आणि खिचडी टाकली. सासू-सासरे पुण्याला लग्नाला गेलेले. घरात ही दोघं, नणंद समिधा आणि गोपाळकृष्णकाका, म्हणजे अनुपमच्या वडिलांचे थोरले भाऊ. काकांनी बत्तीस वर्षं खोपोलीच्या शाळेत मास्तरकी केली आणि निवृत्तीनंतर भिसेगावात भावाकडे राहायला आले. जेवणं झाल्यावर सगळे गच्चीवर जाऊन बसले. जानेवारीतला दुसरा शनिवार. साडेनऊ वाजले होते. थंडी चांगलीच होती.

"वहिनी, तूच लाव गाडी," समिधा म्हणाली. "दादा रांगेत पहिला."

"दादाला रांगेतच उभं राहायला आवडतं," आसावरी म्हणाली.

काका हसले नाहीत. शाल कानावर ओढून घेत त्यांनी विचारलं, "कुठली गाडी रे, अनुपम?"

"पुलाजवळची. निळ्या पत्र्याची."

काकांनी पुलाच्या दिशेला एकदा बघितलं. मग म्हणाले, "वड्यावरून आठवलं. सांगतो. ऐकीव नाही हं. माझ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत घडलेलं आहे, आणि त्याने माझ्यासमोर बसून सांगितलेलं."

नवनाथ त्याचं नाव. अभ्यासात यथातथाच, पण आवाज खणखणीत. शाळेत प्रार्थना तोच सांगायचा. पुढे त्याने खोपोलीच्याच शिळफाट्यापलीकडे, घाटाकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याला वड्याची गाडी टाकली. बायको रोहिणी बटाटे सोलायची, हा तळायचा. वडा चांगला होता. मी खाल्लाय. "वडेऽऽ, गरम वडेऽऽ" अशी हाळी घातली की एसटीतली माणसं खिडकीतून डोकी बाहेर काढायची.

मग रस्त्याच्या पलीकडे कोंडी आली. डोंगरातल्या ठाकरवाडीवरची बाई. तिचा नवरा, कमळ्या, तिथल्याच वळणावर ट्रकखाली गेला होता. तिची गाडी म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री आणि एक चूल. पाटी नाही, हाळी नाही. खाली मान घालून तळत बसायची. दोन महिन्यांत नवनाथची निम्मी गिऱ्हाईकं रस्ता ओलांडून तिच्याकडे गेली.

पोरांनो, समोरच्याच्या गाडीवर उभी राहिलेली माणसं आपल्याला पाठमोरी दिसतात. नवनाथ पाठीवरून माणूस ओळखायला शिकला. कुठला रिक्षावाला, कुठला कंडक्टर, सगळं पाठीवरून. मी एकदा कोंडीकडे वडा खाल्ला, तर दुसऱ्या दिवशी मला म्हणतो, "सर, काल तुमची पाठ बघितली." मला तोंड लपवायला जागा राहिली नाही. रोहिणीने एकदा तिथून चार वडे घरी नेले, तर दोन दिवस तो बायकोशी बोलला नाही. आणि स्वतःला तर तिथे जाऊन खाता येत नाही. सगळा फाटा बघणार.

कोंडीचं एक होतं. गाडी आवरली की शेवटचा एक वडा ती पळसाच्या पानावर घालून रस्त्याकडेच्या दगडावर ठेवायची. नवनाथला वाटलं, हिचं काहीतरी गुपित आहे यात. एक दिवस गेलाच विचारायला.

"हा कुणाला गं, कोंडे?"

"रस्त्याचा हाय तो, दादा."

"आन् तू हाळी का घालत नाय कवा?"

ती म्हणाली, "दिवं लागल्यावर हाळी नाय घालायची. दिसंल त्याला द्यावं. हाळी कोन कोन ऐकतंय, आपल्याला काय म्हाईत."

नवनाथ हसला. हिला धंदा कळत नाही, म्हणाला. आणि त्या रात्रीही तिचे सगळे संपले, याचे उरले.

आता ती रात्र. दोन हजार तेवीस साल. मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, एकवीस डिसेंबर. अमावस्या वगैरे काही नव्हती, चांगलं चांदणं होतं. रोहिणी घरी गुरुवारची पूजा मांडून बसली होती. कोंडी लेकीच्या बाळंतपणाला वाडीवर गेलेली. तिची चूल दोन दिवस थंड. ताडपत्री खाली सोडून बांधलेली. नवनाथ खुशीत होता. दोन दिवसांत सगळ्या पाठी त्याला तोंडाने भेटल्या होत्या.

अकराला वीस मिनिटं होती. रस्ता सामसूम. आठ-दहा वड्यांचं सारण उरलेलं. शेवटचा घाणा काढावा की नाही, या विचारात त्याने सहज समोर बघितलं.

कोंडीच्या गाडीवर गर्दी होती.

ताडपत्री तशीच बांधलेली. चूल विझलेली. आणि पुढ्यात वीस-पंचवीस माणसं, नवनाथकडे पाठ करून. पानातलं काहीतरी खात होती. एकाच्या डोक्यावर हेल्मेट. एका बाईच्या एकाच पायात चप्पल. एक ड्रायव्हर, त्याच्या बाजूला त्याचा क्लीनर. कुणी चटणी मागत नव्हतं. कुणी बोलत नव्हतं. खाताना कुणी घासावर फुंकर घालत नव्हतं.

त्यातली एकही पाठ नवनाथच्या ओळखीची नव्हती.

"घाबरला असेल," समिधा हळूच म्हणाली.

"तेच तर," काका म्हणाले. "भीती नंतर आली. आधी तो जळला. मला म्हणाला, सर, विचार करा. तिची चूल थंड. ती गावात नाही. माझी शेगडी पेटलेली. आणि तरी सगळे तिच्याकडेच."

मग त्याने काय केलं... धंदेवाला माणूस जे करील तेच केलं.

छाती भरून श्वास घेतला, आणि हाळी घातली.

"वडेऽऽ, गरम वडेऽऽ... इकडं या, इकडं..."

खाणं थांबलं.

सगळे वळले. एकदम.

तोंडं... तोंडांबद्दल त्याने मला काही सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो जमिनीकडे बघत राहिला.

ते रस्ता ओलांडून आले. पावलांचा आवाज नाही. गाडीपुढे येऊन उभे राहिले. नवनाथने वडा काढला, कागदावर ठेवला, पुढे केला.

कुणी घेतला नाही.

दुसरा काढला.

नाही घेतला.

तिसरा... सारण संपलं. तेल धुरायला लागलं.

कुणी गेलंही नाही.

सकाळी दूधवाल्याला तो गाडीखाली सापडला. अंगात ताप. चौथ्या दिवशी कोंडी वाडीवरून आली. त्याने रडत रडत तिला सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी कवा बोलावलं नाय त्यांना. आमच्या कमळ्याला ठेवायची. त्याच्या संगतीनं बाकीचं यायचं, घासघास खायाचं नि वाटंला लागायचं. तू बोलावलंस, दादा. बोलावल्याला खाऊ घालावं लागतंय."

नवनाथने पळसाची पानं आणली. रोज रात्री पानावर वडा ठेवला. रोज सकाळी वडा जसाच्या तसा. शेवटचा माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, "सर, तिचा खात होते. माझा शिवत नाहीत. आन् जातबी नाहीत." आणि खरं सांगू? त्याचे डोळे भरले ते भीतीने नाही. दोन वर्षं झाली तरी त्याला तेच सलतंय.

काका थांबले. खाली कुठेतरी एक कुत्रं भुंकलं आणि गप्प झालं.

"मग गाडी चालते का त्याची?" आसावरीने विचारलं.

"जिवंत गिऱ्हाईक येत नाही. लांबूनच म्हणतं, 'शेठ, आज लई गर्दी हाय, उद्या येतो.' हा मान वर करून बघतो, तर पुढे मोकळा रस्ता. शेवटी कंटाळून त्याने गाव बदललं."

"आता कुठे असतो?" अनुपमने विचारलं.

काकांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

"पुलाजवळ. पत्रा निळाच आहे अजून."

समिधाने अनुपमकडे बघितलं.

"मघाशी सव्वासातला मी तिथूनच आलो," काका म्हणाले. "नवनाथ एकटा बसला होता, पेपर वाचत. आणि तू, अनुपम... तू रस्त्याच्या कडेला उभा होतास. पिशवी छातीशी धरून. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. रांगेत उभं राहावं तसा. मी तुला हाक मारली नाही. का नाही मारली, ते आता तुम्हाला कळलं असेल."

अनुपमने दोन्ही हात आपल्या शालीत घेतले. समिधा त्याला खेटून बसली.

"रांगेत धक्का लागला का रे तुला?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "माझ्या मागचा माणूस सारखा पिशवीत वाकून बघत होता. मला वाटलं, असेल भुकेला."

आसावरी उठली. पाणी आणते, असं काहीतरी म्हणाली आणि जिना उतरून स्वयंपाकघरात आली. दिवा लावला. पिशवी खुंटीला होती तिथेच होती. तिने डबा काढला. झाकण घट्ट होतं, दोन्ही अंगठ्यांनी रेटावं लागलं.

वडा नव्हता.

तळाशी पळसाचं पान होतं. हिरवं, तेलकट. कणसुद्धा शिल्लक नव्हता, पुसून खाल्ल्यासारखं.

तिला आधी बरं वाटलं. हे ती कधी कुणाला सांगणार नव्हती, पण आधी बरंच वाटलं.

मग तिने पान उचललं. ते अजून ऊन होतं.