पाच ते साडेसात

सकाळी साडेसातला आजोबांना शर्टाचं एक बटणही लावता येत नसे आणि दहा वाजता तेच आजोबा जुन्या घड्याळाचे बारीक स्क्रू बसवत असत. माणूस तोच, हात तेच. मग मधल्या अडीच तासांत घडतं तरी काय? अकरा वर्षांच्या शाल्मलीला हे कोडं पडलं होतं.

साल होतं २०४६. तिचे आजोबा वामन केरकर हे निवृत्त समुद्रशास्त्रज्ञ. चाळीस वर्षं त्यांनी वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटी मोजली होती. सहा वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन्स (हालचाली मंद आणि शरीर ताठ करणारा मेंदूचा आजार) झाला. तेव्हापासून त्यांची काळजी घ्यायला घरात टिंबू आला. टिंबू म्हणजे शाल्मलीच्या खांद्याएवढ्या उंचीचा यंत्रमानव. आजोबांच्या गादीत संवेदक (शरीरातले बारीक बदल टिपणारी उपकरणं) होते. त्यांच्या नोंदींवरून तो रोज अहवाल देई, "झोप उत्तम. रात्री दहा ते सकाळी साडेसात."

साडेसातला टिंबू त्यांना उठवून बसवी, दूध आणि उकडलेलं अंडं देई आणि त्याबरोबरच गोळी. पण आजोबांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होत. त्यांना न्हाणीघरापर्यंत न्यायला बाबा आणि टिंबू, दोघंही लागत. एकदा तिघंही घसरले. आजोबांच्या कपाळाला खोक पडली.

त्या संध्याकाळी बाबा आईला म्हणाले, "अण्णांचं सकाळचं आता आपल्याच्यानं होणार नाही. आपण दोघं आठला बाहेर पडतो. सावंतवाडीच्या शुश्रूषा केंद्रात विचारून ठेवलंय. पुढच्या महिन्यात जागा आहे."

शाल्मलीने ते ऐकलं. आजोबांनीही ऐकलं असावं, कारण ते त्या दिवशी फारसे जेवले नाहीत.

दोनच दिवसांनी शाळेची सहल होती, म्हणून शाल्मली पाचला उठली. आजोबांच्या खोलीचं दार उघडं होतं. तिने सहज डोकावलं. आजोबा उताणे, अगदी स्थिर पडले होते. पण त्यांचे डोळे उघडे होते.

"आजोबा, तुम्ही जागे आहात?"

त्यांचे ओठ हलले. ऐकायला तिला कान अगदी जवळ न्यावा लागला.

"रोजच असतो, बाय. पाचपासून. कुशीवर वळता येत नाही."

"मग हाक का नाही मारत?"

"आवाजच फुटत नाही. आणि फुटला तरी, तुमची झोप कशाला मोडायची?"

शाल्मलीच्या डोळ्यांत पाणी आलं. पाच ते साडेसात, अडीच तास! ती टिंबूवर ओरडली, "हे जागे आहेत आणि तू रोज झोप उत्तम म्हणतोस?"

"हालचाल नाही म्हणजे झोप, असा माझा नियम आहे," टिंबू म्हणाला. "आणि झोपलेल्या रुग्णाला उठवायचं नाही, हा दुसरा."

त्या दिवशी ती सहलीला गेलीच नाही.

दहा वाजता आजोबांचा आवाज मोकळा झाल्यावर दोघं कागद घेऊन बसले. आजोबांनी एक वर-खाली जाणारी रेघ काढली.

"मेंदूत डोपामिन (हालचालीचे निरोप पोचवणारं रसायन) असतं. माझ्या मेंदूत ते कमी तयार होतं. गोळीतल्या औषधापासून मेंदू ते बनवतो. पण गोळीचा असर काही तासच टिकतो. रात्री नऊची गोळी पहाटेपर्यंत संपलेली असते. म्हणजे पाचला माझी पूर्ण ओहोटी."

"पण साडेसातच्या गोळीनंतरही लगेच का बरं वाटत नाही?"

"गोळी आतड्यात जाऊन रक्तात उतरायला वेळ लागतो. त्यात दूध-अंड्यातल्या प्रथिनांचे तुकडे आणि औषध एकाच वाटेने आत शिरतात. गर्दी होते, औषध मागे राहतं."

"हे माहीत होतं, तर डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, आजारच वाढलाय. दुसऱ्याच्या समुद्राचं मोजमाप करणं सोपं असतं गं."

पण नुसतं सांगून भागणार नव्हतं; पुरावा हवा होता. शाल्मलीने रबरी चेंडूत एक कळ बसवली. जाग आली की आजोबांनी तो दाबायचा. आठवडाभर वेळा नोंदल्या गेल्या: चार पन्नास, पाच वाजून पाच मिनिटं, बरोबर पाच. मग तिने टिंबूकडून श्वासाच्या नोंदी मागितल्या. गाढ झोपेत श्वास एका लयीत चालला होता. चेंडू दाबल्यापासून मात्र लय बिघडली होती. हालचाल मात्र दोन्हीकडे जवळपास शून्य!

आजोबांच्या डॉक्टर, नूतन शिरोडकर, पडद्यावर आल्या. त्यांनी चेंडूच्या वेळांचा आणि श्वासाचा, असे दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले. "मी गोळ्या वाढवणार होते," त्या सावकाश म्हणाल्या. "आता आधी वेळ बदलून पाहू. पाचच्या सुमारास जाग आली की त्यांना नीट बसवून पाण्याबरोबर गोळी द्या. मग पुन्हा पडू दे. पाऊण तासाने उठायचं, खाणं त्यानंतर. मात्र गाढ झोप असेल, तर मोडू नका; झोपही औषधच आहे. आणि मला विचारल्याशिवाय यात फेरफार करायचा नाही."

टिंबूचा नियम बदलला. आता तो श्वासावरून जाग ओळखे, हलकेच विचारी आणि गोळी देई. पहिले दोन दिवस फरक पडला नाही. तिसऱ्या दिवशी आजोबा पावणेसहाला स्वतः कुशीवर वळले, उठून बसले आणि काठी टेकत न्हाणीघरात गेले. बाबा दारात नुसते उभे राहिले. त्यांना आधार द्यावाच लागला नाही. थोड्या वेळाने बाबांनी फोन उचलला आणि केंद्रातली जागा नको म्हणून कळवलं.

काही सकाळी अजूनही अवघड जात. आजार बरा झाला नव्हता. त्याची वेळ तेवढी सापडली होती.

दोन महिन्यांनी डॉक्टरांचा निरोप आला. त्यांनी टिंबूचा नवा नियम आणखी साठ घरांतल्या यंत्रमानवांना दिला होता. पहिल्याच आठवड्यात सतरा जण पहाटे जागे सापडले होते. सगळे स्थिर, सगळ्यांची झोप अहवालात 'उत्तम'.

शाल्मलीने निरोप मोठ्याने वाचला.

आजोबा म्हणाले, "सतरा. त्यांच्याशी आता पहाटे कुणीतरी बोलत असेल, नाही का?"