दोरीचं शेवटचं कडं

ती दोरी आधी बॅगेत टाका. तंबू राहिला तरी चालेल, चादर पांघरून झोपता येतं. परवा तुम्ही किनाऱ्याने चालत निघणार, तर एवढं ऐकूनच निघा. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पस्तीस वर्षं सरकारी दप्तरात काढली आहेत, त्यापुढे भुतं ती काय. पण ज्याच्या बाबतीत हे घडलं तो शिंपी माझे शर्ट शिवतो, आणि मापात किंवा बोलण्यात त्याने मला आजवर फसवलेलं नाही.

शिंप्याला चालायचं वेड. वर्षातून एकदा दुकान बंद ठेवायचं आणि पाठीला बॅग लावून तीन दिवस समुद्राकाठाने चालायचं. तेही जिथे रस्ता नाही, वस्ती नाही, नुसते खडक आणि लाटा, अशा भागातून. बरोबर ठरलेली मंडळी. बेकरीवाला, कारण त्याच्याकडे पाव. पोस्टातल्या बाई, ज्यांची चाल टपालासारखी, उशिरा का होईना पोचणारी. भूगोलाचे मास्तर, ज्यांनी वीस वर्षं भरती-ओहोटी शिकवली आणि त्यानंतर पहिल्यांदा समुद्र पाहिला. आणि शिंप्याची एकुलती एक मुलगी. अंगापेक्षा मोठं ओझं उचलायची, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत.

पाचही बॅगा शिंप्याने शिवलेल्या. बुटांच्या नाड्यासुद्धा त्याच्याच. बाजारच्या नाड्या खडकावर टिकत नाहीत, म्हणून हिरव्या पट्टीच्या करायचा आणि टोकांना मेणाच्या दोऱ्याचे सात वेढे द्यायचा. सहा नाही, आठ नाही. माणूस तसाच होता.

अंधारात खडकांवरून जायचं तर त्यांची एक पद्धत होती. लांब दोरी, तिला पाच कडी, प्रत्येकाच्या हातात एक. लाटांच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. म्हणून पुढून शिंपी दोन झटके द्यायचा. ते हातोहात मागे जायचे. शेवटचा माणूस उलट दोन झटके द्यायचा, ते तसेच पुढे यायचे. म्हणजे सगळे आहेत. याला ते हजेरी म्हणत. मुंगी मागे असली की दोनानंतर थोडं थांबून तिसरा झटका द्यायची. तो फक्त बाबांसाठी. लहानपणापासूनची खोड.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सात नोव्हेंबर, रविवार, अमावास्येच्या आसपासचा. वाटेत समुद्रात घुसलेलं एक खडकाचं नाक लागतं. ते संध्याकाळी आठच्या आत ओलांडायचं, नंतर पायथ्याशी पाणी येतं, असं मास्तरांनी कागदावर मांडून दिलेलं. आणि पाच वाजता बेकरीवाल्याच्या बॅगेचा पट्टा उसवला.

"बाबा, दोरीने बांधा आणि चला," मुंगी म्हणाली.

"माझ्या हातची बॅग दोरीने बांधलेली कोणी पाहिली, तर दुकानाची पाटी उतरवावी लागेल."

"इथे कोण बघणार आहे? खेकडे?"

शिंप्याने सुई काढली. जुनी शिवण उसवली, नवी घातली, मग ती वाकडी वाटली म्हणून तीही उसवली. तासभर गेला. मुंगी दोनदा घड्याळ दाखवून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तो न बघताच म्हणाला, "तू आज शेवटी चाल. म्हणजे तुझं तोंड तरी दिसणार नाही."

ती मागे गेली. शेवटचं कडं धरून उभी राहिली.

खडकापाशी पोचले तेव्हा पावणेनऊ. घोट्याएवढं पाणी. शिंप्याने दोन झटके दिले. मागून दोन आले. तो तिसऱ्यासाठी थांबला.

तिसरा आला नाही.

रुसली आहे, असं त्याला वाटलं. रुसू दे, पलीकडे गेल्यावर समजूत काढू. तो पुढे निघाला. दहा मिनिटांनी वाळू लागली. त्याने वळून माणसं मोजली. स्वतःला धरून चार.

पाच दिवस शोध चालला. तिची बॅग सापडली, शिवण शाबूत. मुंगी नाही सापडली.

मास्तर सगळ्यांना एवढंच सांगत राहिले, "माझ्या मागेच होती."

पुढचं वर्षभर शिंपी कपडे शिवायचा, पण गिऱ्हाइकाशी बोलायचा नाही. मला एकदाच म्हणाला, "ती रागात गेली हो. तिसरा झटका दिला नाही तिने." मी शर्टाचं कापड ठेवलं आणि घरी आलो.

गेल्या वर्षी सात नोव्हेंबरला तो पुन्हा निघाला. बाकीचे तिघेही मुकाट्याने बरोबर गेले. दोरी तीच. तारीख तीच, पण समुद्र आपली कॅलेंडरं पाळत नाही. या वेळी ओहोटी होती, खडकाचा पायथा कोरडा. बरोबर पावणेनऊला ते तिथे उभे राहिले. पुढे शिंपी, मग बेकरीवाला, मग बाई, मग मास्तर. शेवटचं कडं मोकळं, मागे खडकावरून घसटत येणारं.

शिंप्याने दोन झटके दिले. सवयीने.



मग मागून झटका आला. एक. दोन.

तो थांबला.

तिसरा आला. हलकाच.

"मास्तर," शिंप्याने न वळता विचारलं. "तिसरा तुम्ही दिलात?"

उत्तराची वाट न बघता त्याने पुढचं विचारलं.

"बाई?"

"मला मागून आला, मी पुढे दिला."

त्याने बॅटरी मागे वळवली. मास्तरांचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते. दोरी त्यांच्या पायाशी पडली होती.

"मी दोरी धरलीच नाही," मास्तर म्हणाले. "वर्षभर मला दोरी धरवत नाही."

"का?"

मास्तर खडकावर बसले.

"त्या रात्री हजेरी मी दिली होती. तिने नाही. तिच्या बुटाची नाडी सुटली होती. कडं सोडून ती खाली वाकली. म्हणाली, 'काका, तुम्हीच दोन झटके द्या. बाबांना कळलं तर ते पुन्हा थांबतील, पाणी चढतंय. मी येतेच.'"

"आणखी?"

"आणखी... 'तिसरा मी आल्यावर देईन,' म्हणाली."

शिंपी मास्तरांवर ओरडला नाही. तो त्यांच्या शेजारी बसला. बाई तोंडात पदर धरून रडत होत्या. बेकरीवाल्याला काही सुचेना, म्हणून त्याने दोरी गोळा करायला घेतली.

आता, दोरी दगडात अडकून झटका बसतो, हे मलाही समजतं. एक बसेल. दोनही बसतील. मी शिंप्याला तसं म्हणालोही. तो वाद घालत बसला नाही. दुकानाच्या आतल्या खुंटीवरून त्याने दोरी काढली आणि शेवटचं कडं माझ्या हातात दिलं.

कड्यात बुटाची एक हिरवी नाडी ओवलेली होती. त्या रात्री निघताना ती तिथे नव्हती, एवढंच तो म्हणाला. दोन्ही टोकांना मेणाचा दोरा. मी चष्मा लावून वेढे मोजले. सात.

आणि गाठ... मुंगी डावखुरी होती, तिची गाठ नेहमी उलट्या बाजूला पडायची.

नाडी बांधून झाली होती.