दरीतली चुटकी

वाघोणच्या दरीतल्या संशोधन केंद्रात केळुसकर मॅडमकडे दरवर्षी एक विद्यार्थी प्रबंधासाठी यायचा. आल्याबरोबर दरीत आपलं एक चुटकीयंत्र टांगायचा, आधीच्यांची मात्र काढायची नाहीत, नाहीतर आकड्यांची माळ तुटते. यंदा आली केतकी गावस.

इथे अभ्यास चाले तो जगात फक्त या दरीत राहणाऱ्या सिकाडा या कीटकाचा. नर उन्हात खोडावर बसून किर्रर्र गातो. मादीचं मन बसलं तर ती पंखांची बारीकशी चुटकी वाजवते, आणि तो त्या रोखाने उडत येतो. पिल्लं मातीत उतरतात, ती कैक वर्षांनी वर येतात. तरुणपणी मॅडमनी अशाच एका एकट्या गाणाऱ्यासाठी सहज बोटांनी चुटकी वाजवली, तर तो येऊन बाहीवरच बसला. त्यातून हे यंत्र निघालं. ते मादीसारखी चुटकी वाजवी, नर जवळ येऊन गाई, आणि एक नोंद होई. नोंदी दरवर्षी वाढत होत्या.

केतकीने नवीन काही करायचं म्हणून प्रत्येक गाण्याचा स्वरठसा काढला. माणसाच्या अंगठ्याचा असतो तसाच हा, दोघांचा कधी सारखा नसतो. पडद्यावर साऱ्या दरीतले ठसे एकावर एक बसले. मॅडम म्हणाल्या, यंत्र बिघडलं असेल. तिने पुन्हा तपासलं.

“मॅडम, हा एकच आहे. इथे गातो, चुटकी ऐकतो, कुणी भेटत नाही, मग पुढच्या चुटकीकडे जातो. आपण त्यालाच मोजतोय.”

“आणि मागची वर्षं? संख्या वाढत होती ना?”

“यंत्रं वाढत होती. मातीतली जुनी पिल्लं येत राहिली, म्हणून कळलं नाही. त्यांच्या बापांना खऱ्या माद्या भेटल्या होत्या. यांना आपली यंत्रं भेटली.”

मॅडम हळूच म्हणाल्या, “बंद कर सगळी.”

एखादी मादी अजून कुठे उरली असेल तर तिची चुटकी त्याला ऐकू यावी, एवढीच आता आशा. दुसऱ्या दिवशी भर दुपारी दरी मुकी झाली. ऐनाच्या झाडावर तो गायला. थांबला. वाट पाहिली. पुन्हा गायला, जरा खालच्या सुरात. केतकीने मुठी घट्ट आवळून धरल्या होत्या.

तिसऱ्यांदा तो थांबला, आणि चुटकी वाजली.

केतकीच्या डोळ्यांत पाणीच आलं. तो तिच्या डोक्यावरून भिरभिरत गेला, तशी ती वळली.

मागे दगडावर मॅडम बसल्या होत्या. दोन बोटं अजून जुळलेलीच.

“राहवलं नाही गं,” त्या म्हणाल्या.

त्यांच्या बाहीवर बसून तो जीव तोडून गात होता.