खुर्चीला न उघडणारं फाटक

मोरा खोऱ्यात एलॉय आणि त्याची बायको डेल्फिना राहायची, आणि वरच्या वाटेवर उंच भिंतीच्या घरात सोस्तेना म्हातारी राहायची. एलॉय माझ्या बहिणीचा नातू. फाटकांना विजेच्या मोटारी नि दारांना आकड्यांची कुलपं जोडतो. त्यानं सांगितलं तसंच सांगते, पदरचं काही नाही.

सोस्तेनाचं फाटक त्यानंच बसवलेलं. आतल्या वाटेखाली तारेचं वेटोळं पुरलं होतं. वर गाडी आली की लोखंड ओळखून फाटक उघडायचं. म्हातारी चाकांच्या खुर्चीत. तिनं विचारलं, "गाडीला उघडतं, मला का नाही रे?"

"मावशी, तुझ्या खुर्चीत लोखंड कमी पडतं."

"मग आतून बटण लाव. माझ्या हाताला येईल असं."

तिचा मुलगा म्हणाला, कशाला, हिला कुठं जायचंय? एलॉयनं बटण लावलं नाही. तीन वर्षं म्हातारी त्या अंगणात चाकं फिरवत राहिली, नि मिरच्या भाजायच्या दिवसांत तिथंच गेली. खुर्ची चर्चवाल्यांनी नेली.

यंदाची चौदा जानेवारी, मंगळवार. दुसऱ्या सकाळी त्या घराला गिऱ्हाईक येणार, म्हणून तिच्या मुलानं एलॉयला दाराला नि फाटकाला आकड्यांची पाटी जोडायला धाडलं. डेल्फिनानं बजावलं होतं, मक्याचं पोसोले कालवण गार झालं तर कुत्र्याला घालीन.

रात्री सव्वानऊला तारा जोडून झाल्या. आकडे तेवढे भरायचे होते. तो अंगणात आला नि मागं वाऱ्यानं दार आपटलं. कुलूप बसलं. समोर फाटकही आपसूक मिटलं. त्याची पाटी बाहेर, मोटारीची पेटी बाहेर. कोट, फोन, शिडी बाहेर ट्रकमध्ये. भिंतीवर काचा, खिडक्यांना गज. अंगणात घोटाभर ताजं बर्फ.

आत बटण नव्हतं.

तो ओरडला. जवळचं घर मैलभर लांब. मग त्यानं वेटोळ्यावर पक्कड ठेवली. पाना ठेवला. हातोडी ठेवली. कमरेचा पट्टा सोडून ठेवला.

लोखंड कमी पडलं.

बोटं वळेनात. तो तिथंच बसला. उजाडेपर्यंत आपण उरत नाही, हे त्याला कळलं. "मावशी..." एवढंच म्हणाला.

मागं कुलूप टक् झालं.

दार उघडलं. उंबऱ्यावरून काहीतरी उतरलं... करकर... बर्फातनं... करकर. त्यानं मान वळवली नाही. पाठीशी येऊन थांबलं.

...

फाटक उघडलं.

घरी पोचला तेव्हा पोसोले गार होतं, पण ताटात होतं. उजाडल्यावर दोघं परत गेली. दारापासून चाकांच्या दोन रेघा आल्या होत्या. वेटोळ्यावर संपल्या होत्या. परत गेलेल्या नव्हत्या.

डेल्फिना म्हणाली, "आधी बटण लाव."

त्यानं लावलं. खाली, गुडघ्याच्या वर वीतभर. तेव्हापासून प्रत्येक फाटकाला तो आधी तेच लावतो. म्हातारी माणसं लांबलांबून त्यालाच बोलावतात. टाओस शहरात दुकान झालंय, हाताखाली दोन माणसं आहेत, डेल्फिनाला सातवा महिना आहे. देवानं दिलं.

पण त्या सकाळचं सांगते. बटण लावून दोघं ट्रकमागं हत्यारं ठेवायला गेली. फाटकाचा आवाज झाला. वळून पाहिलं, तर वेटोळ्यावर संपलेल्या रेघा पुढं आल्या होत्या. उघड्या फाटकातनं बाहेर... खाली गावाच्या वाटेला.